घोडी पुलावर थांबली

"ता ऱ्हवांदे. माणूस खंय आसा, ता सांग."

आमच्या वाचक मंडळात हे वाक्य ऐकू आलं नाही असा रविवार मला आठवत नाही. सर खुर्चीत बसलेले असत, म्हणजे खुर्चीच्या काठावर टेकलेले. कुणी 'प्रतीक' हा शब्द उच्चारला रे उच्चारला की ते उठत, खिडकीपर्यंत जात, खाली बाजारात काय चाललंय ते बघत, परत येत, प्रतीक राहू दे, गोष्टीतला माणूस कुठे आहे ते सांग, अशा अर्थाचं हे वाक्य टाकत आणि पुन्हा खिडकीकडे जात. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्यासमोर चहाचा कप ठेवताना तो उलटणार हे धरूनच चालावं लागतं. आमच्या कट्ट्यात हे होते.

माझं औषधाचं दुकान आहे. सरांनी मला हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्यातलं औषधांची नावं वाचण्यापुरतंच टिकलं, त्याला त्यांचा इलाज नव्हता. शिकवताना ते अगदी पुस्तकी मराठी बोलत आणि चिडले की मालवणीवर येत. माझ्या वर्गानं बहुतेक मालवणीच ऐकली.

मंडळ भरायचं ग्रंथालयाच्या माडीवर. बँकेतून निवृत्त झालेल्या मॅडम, काजूच्या बागा असलेले आबा, मी आणि पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून येणारे आणखी काही जण. सरांनी एक जुनी अमेरिकन कादंबरी लावली होती. इंग्रजी वाचायचा आम्हाला कंटाळा, म्हणून तेच दर रविवारी एक प्रकरण मराठीत सांगत. रंगात आले की मालवणीत. त्यामुळे तो अमेरिकन शेतकरी आमच्या डोळ्यांसमोर पंचा नेसूनच उभा राहायचा. त्याची जमीन भरडी की पाणथळ, हे आबांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

गोष्ट अशी. नदीच्या अलीकडे हा शेतकरी, पलीकडे त्याचा धाकटा भाऊ. जमिनीवरून भांडण झालेलं आणि वर्षानुवर्षं अबोला. इथपर्यंत ऐकून आबा म्हणाले, म्हणजे ही आमच्याच वाडीतली गोष्ट. मग भाऊ अंथरुणाला खिळतो, निरोप येतो, आणि हा आपल्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीवर बसून निघतो. वाटेत लाकडी पूल. पुलाच्या तोंडाशी घोडी थांबते ती थांबतेच. काही केल्या पाऊल टाकत नाही. तो म्हणतो, देवाच्या मनात नाही, आणि माघारी फिरतो. भाऊ दाराकडे बघत बघत मरतो.

मॅडम मोबाइलवर वाचून तयारीनिशी आल्या होत्या. पांढरी घोडी म्हणजे मृत्यू, पूल म्हणजे क्षमा, नदी म्हणजे काळ. सर उठले. तेवढ्यात आबांनी मॅडमना थांबवलं.

"कसलो मृत्यू नि कसली क्षमा? देवान डावो कौल दिल्यान. मगे तो फुडे कसो जातलो?"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, काहीही करायचं तर आधी देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावा कौल मिळाल्यावर आमच्यातला कुणी उंबरा ओलांडत नाही. तेव्हा त्या अमेरिकन माणसाचं काहीच चुकलं नाही, असा आमच्या मंडळाचा एकमतानं निकाल लागला. परदेशातले मोठमोठे प्राध्यापक त्या घोडीवर काय काय लिहून बसलेत म्हणे. आम्ही तिला थेट देवळात नेऊन उभी केली.

सर चिडतील असं वाटलं होतं. ते खिडकीशीच उभे राहिले आणि त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. मला ते खटकलं.

खटकायला कारण होतं. सरांची औषधाची चिठ्ठी माझ्याकडे यायची. जिभेखाली ठेवायची गोळी ते नेत आणि दर वेळी बजावत, तुझ्या दुकानातली गोष्ट दुकानातच राहू दे. गोव्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, आणि लवकर. सर आज उद्या करत होते. आंबे होऊन जाऊ दे, लावणी होऊ दे, गणपती होऊ दे. घरात दोघंच, ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी. स्वतःचा एक आंबाही नाही आणि आंबे कसले होऊन जाऊ देतायत! मी डोकं आपटून घ्यायचा तेवढा राहिलो होतो. चढावर त्यांना थांबताना बघितलं की माझ्याच छातीत धडधडायचं.

मग त्याच आठवड्यात गोळ्या न्यायला काकी आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या की ऑपरेशनचं आता रद्दच, देवळात कौल डावा आलाय. मी चाट पडलो. सर आणि कौल? शाळेत परीक्षेआधी कुणी अंगारा लावून आला तर 'अभ्यास केलास काय?' म्हणून कान पिळणारा माणूस! पण काकी खोटं कशाला बोलतील? वाडीतही ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. आबांना तर आमच्या आधी.

पुढच्या रविवारी सर पुस्तक उघडं धरूनच जिना चढून आले. दम लागला होता. बसले नाहीत. मागचंच प्रकरण पुन्हा काढलं आणि बोट ठेवून एक ओळ वाचली, मग तिचा अर्थ सांगितला. पुलापाशी येताना त्या शेतकऱ्याचा हात लगामावर आवळला, असं लेखकानं लिहिलं होतं. घोडी थांबली ती त्यानंतरच्या ओळीत.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे लगाम हे प्रतीक..."

"लगाम ऱ्हवांदे, मॅडम. ह्या माणसाचो हात बघा. घोडी आपणहून थांबाकच नाय." सर खिडकीकडे वळले आणि अर्ध्यावरून परत फिरले. "इतकी वर्षां मी ह्या पुस्तक वाचत इलंय. ही ओळ माका कधी दिसूक नाय."

आबांना ते पटलं नाही. जनावराला माणसापेक्षा जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी वाद घातला नाही. पुस्तक मिटलं आणि आमच्या आधी जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सर आले आणि काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागले. मी स्टूल पुढे केलं, ते त्यांनी पायानं बाजूला सारलं. कुठे दुखतंय का विचारलं, तर हातानंच नाही म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"पयलो कौल उजवो होतो रे."

मला नीट कळेना. त्यांनीच सांगितलं. काकींच्या आग्रहाखातर ते देवळात गेले. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पाकळी उजवी पडली. जा, म्हणाला देव. काकींनी हात जोडले. पण यांनी गुरवाला पुन्हा लावायला सांगितलं. पावसाआधी जाऊ काय? उजवी. गोव्याक जाऊ काय? तरी उजवीच. गुरव कंटाळला. काकी प्रसाद आणायला बाहेर गेल्या तेव्हा यांनी आणखी काहीतरी वेडंवाकडं विचारलं आणि एकदाची डावी पडली. हे ताबडतोब उठले. बाहेर येऊन काकींना सांगितलं, देवाचा विचार बदलला.

"घोडी मियाच थांबयलंय," सर म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. घाबरलेला म्हातारा माणूस समोर उभा होता, ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं आमचा वर्ग गप्प व्हायचा. मी म्हटलं, "सर, माझी गाडी आहे. सांगाल तेव्हा निघू." ते नुसते हं म्हणाले आणि गेले. त्याच आठवड्यात त्यांचा निरोप आला, निघूया.

निघालो तेव्हा वाडीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. डावा कौल असताना चाललाय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. काकी मागच्या सीटवर जप करत होत्या. सर माझ्या शेजारी, पाय हलवत. सावंतवाडी मागे पडली आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्यांच्या रांगेत माझी गाडी बंद पडली. जुनीच गाडी, बॅटरी कधीची कुरकुरत होती, बदलू बदलू म्हणत राहून गेलेलं. किल्ली फिरवून फिरवून मी घामाघूम झालो. रांगेतल्या दोघांनी ढकलूनही बघितलं.

"बघलंस मा?" काकी म्हणाल्या. "देव अजून सांगता हा. परत फिरूया."

मी सरांकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत नव्हती. मग दार उघडल्याचा आवाज आला. सर उतरले, पिशवी घेतली आणि रांगेच्या कडेनं गोव्याच्या दिशेनं चालायला लागले. छातीवर हात, चाल सावकाश. मी धावत जाऊन गाठलं, म्हटलं, अहो, तुम्हाला चालायचं नाहीय! तर म्हणाले, "माका भ्या वाटता रे. लय भ्या वाटता. पण जातंय."

पुढे माशांचा एक टेम्पो उभा होता. सरांनी ड्रायव्हरला विचारलं, तो इस्पितळावरूनच जाणार होता. मी काकींना हाताला धरून आणलं, त्या रडत रडत चढल्या. सर त्यांच्या बाजूला बसले आणि दार ओढून घेतलं. ते गेल्यावर मी नाक्यावर मेकॅनिकची वाट बघत बसलो. सगळ्या रस्त्याला बांगड्यांचा वास येत होता.

ऑपरेशन झालं. नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. मग छातीत कफ भरला, ताप चढला आणि सर त्यातून उठले नाहीत.

बाराव्यानंतर एका सकाळी आबा दुकानात आले, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. सरांबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं, डोळे भरलेले होते. म्हणाले, कौल डावा, गाडी बंद, देवानं आणखी कसं सांगायचं होतं? गावात सगळेच तसं म्हणत होते. माझं डोकं फिरलं. मी त्यांना पहिल्या कौलाचं सांगून टाकलं, उजव्या पाकळ्यांचं सगळं.

आबांनी गोळ्या पिशवीत टाकल्या. मग म्हणाले, "मगे मेलो कित्या?"

मी म्हटलं, दुखण्यानं मेले, आबा. भीती वाटत होती तरी उतरून चालत गेले, आणि दुखण्यानं मेले. आबांनी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही, दिसतच होतं. देव जा म्हणाला आणि माणूस मेला, याचा अर्थ काय लावायचा, हे ते पिशवीचे बंद आवळत स्वतःशीच पुटपुटत होते. खरं सांगतो, मलाही तो लागत नाही. त्या वेळी मला सर तिथे हवे होते. माझ्या बाजूनं बोलायला नकोच होते. आबांचं ते अर्थ लावणं ऐकून त्यांनी उठून तरातरा दारापर्यंत जावं, एवढंच हवं होतं.