पुलावरून वाकताना

लेक नोकरीसाठी लंडनला गेली आणि पहिल्याच महिन्यात रडवेली झाली. "बाबा, इथे कुणी कुणाशी बोलतच नाही." तिच्या खोलीतल्या भिंतीसाठी मुठेचा एक देखणा फोटो पाठवावा म्हणून मी लकडी पुलाच्या कठड्यावरून, पोट सांभाळत, वाकलो.

लगेच एक स्कूटर थांबली. "काय पडलं हो?" मग दुसरी थांबली. पाच मिनिटांत दहाजण खाली वाकले. एक काका तर "ते बघा, अजून दिसतंय!" असं सांगूही लागले. काय दिसतंय, ते त्यांनाच ठाऊक. माझ्या फोटोत नदीऐवजी काकांचं कोपर आलं. बायकोने मागून आम्हा सगळ्यांच्या पाठींचा फोटो काढून लेकीला धाडला.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, आज मीही थेम्सच्या पुलावरून तशीच वाकले. एक आजी थांबल्या. म्हणाल्या, काय पडलं?"

"मग?"

"मग काय, अर्धा तास गप्पा!"

पूल पलीकडे जाण्यासाठी बांधतात हे खरं, पण कठडा बहुधा थांबणाऱ्यांसाठीच ठेवतात. भिंतीवर आता आमच्या पाठी आहेत. त्यातली सर्वांत रुंद माझी, असं बायको म्हणते.