न केलेला ताळा

सहावीत माझ्या वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसायची. गणित सुटलं की बाकीची मुलं वही मिटायची, ही मात्र खाली रेघ मारून ताळा करायची. उत्तर बरोबर आहे असं मी सांगितलं तरी करायची. मुलांनी तिचं नाव ‘ताळाबाई’ ठेवलं. नावं ठेवण्यात मुलांचा हात कोण धरणार!

पुढे ती ब्लड कॅन्सरवर संशोधन करू लागली. सुरुवातीच्या वर्षांत गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापायचे, जोड्या लावून कागदावर चिकटवायच्या आणि कुठला तुकडा तुटून कुठे जाऊन बसलाय ते शोधायचं, असं काम असे. नवरा म्हणायचा, “आमच्याकडे भाजीची सुरी बोथट, पण फोटोची कात्री बघा!” मग यंत्रं आली आणि कात्री खणात गेली. तिने तपासलेला अहवाल दुसऱ्याने पुन्हा तपासायचा नाही, असा प्रयोगशाळेत प्रघातच पडला.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना ती माझ्याकडे आली. चहा तसाच गार झाला.

“बाई, एक ताळा राहिला.”

त्याआधी सात वर्षं छापखान्यातला एक तरुण कामगार या आजाराने दगावला होता. तुलनेसाठी त्याच्या धाकट्या बहिणीचंही रक्त घेतलं होतं. ही बहीण शिवणकाम करायची, तब्येतीने ठणठणीत. पण भावाच्या जनुकातला बिघाड तिच्याही नळीत दिसला. ताळाबाईला वाटलं, चुकून भावाचंच रक्त दोन्ही नळ्यांत भरलं गेलं. शोधनिबंध आठ दिवसांत पाठवायचा होता, आणि भावाला जाऊन चार दिवस झालेल्या बहिणीकडे पुन्हा रक्त कसं मागायचं? तिने वहीत लिहिलं, ‘नमुना बाद.’

त्या वर्षी दुसऱ्या एका घरातल्या आत्या आणि भाच्यात तोच बिघाड सापडला, तेव्हा तिला ती बाद केलेली नळी आठवली. तिने फ्रीजरमधली जुनी नळी काढली. पुरुषाच्या रक्तात असतं ते आखूड वाय गुणसूत्र त्यात नव्हतंच. रक्त बहिणीचंच होतं. बिघाड घराण्यातून आलेला होता.

“अर्ध्या दिवसाचं काम होतं, बाई. सहावीतली मुलगीसुद्धा करती.”

विभागप्रमुख म्हणाले, “त्या बहिणीला पत्र पाठवा. चूक वगैरे शब्द नकोत.” पत्र गेलं नाही. ती स्वतः गेली.

बहीण शिलाई मशीनवर होती. तिने सगळं ऐकून घेतलं. पाय मात्र मशीनच्या पायडलवरच होता.

“तेव्हा कळलं असतं, तर दादा वाचला असता?”

“नाही. तुमचं रक्त पाहिलं तेव्हा ते गेलेले होते.”

“आणि मी?”

“तुमचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासलं असतं. आजार होईलच असं नाही. पण झाला, तर लवकर कळतं.”

बहिणीने बाही वर केली. दंडावर दोन काळेनिळे डाग होते. “हे मला नेहमीचं. मी समजायची, कापड कापायच्या टेबलाचा कोपरा लागतो. नवऱ्याला म्हटलं, टेबल बदल. त्याने बदललंही बिचाऱ्याने.”

 अशा घरांत रक्त थांबवणाऱ्या पेशी आधीपासूनच कमी असतात आणि असे डाग उठतात, हे ताळाबाईला ठाऊक होतं. ती म्हणाली, “मला माफ करा.”

“थांबा हो मॅडम. राग अजून आलेला नाही. आला की सांगते. आधी माझ्या मुलीचं रक्त बघा.”

मुलीच्या रक्तात बिघाड नव्हता. ताळाबाईने तीनदा पाहिलं, मग दुसऱ्याला पाहायला लावलं. आईच्या पेशी कमी निघाल्या, पण आजार नव्हता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी, निवृत्त झाल्यावरही, ती त्या बहिणीसोबत तपासणीच्या रांगेत बसते. बहीण तिला शर्टाला काजं करायला शिकवते आणि वर ऐकवते, “एवढी बारीक नजर, आणि टाका वाकडा!”

परवा ती भेटली. मी विचारलं, “आला का गं त्यांना राग?”

“नाही, बाई.” तिने बोटावरचा सुईचा ठिपका चोळला. “मी दर वेळी राग ऐकायची तयारी करून जाते. आणि त्या आपल्या डब्यातलं अर्धं मला देतात.”