दाजींच्या नावाचा परवाना

शिंपीणबाईचा नवरा वेल्डर होता. कामावर उंचावरून पडून त्याचा मणका दुखावला. गोळ्यांनी पोट तेवढं जळायचं, दुखणं जागच्या जागी. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यानं गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गांजाची दोन-चार झाडं लावली. थोडा ओढला की त्याला झोप लागायची. घराबाहेर ही गोष्ट फक्त बाईच्या धाकट्या भावाला ठाऊक होती.

एके सकाळी पोलीस आले आणि जिना चढून थेट टाकीमागे गेले. त्या काळी कायदा कडक होता आणि लोक कायद्याहून कडक. वेल्डर तुरुंगात गेला. ‘गंजेडीची बायको’ म्हणून गिऱ्हाइकांनी तिच्याकडे कपडे टाकणं सोडलं. भाऊ मात्र पाठीशी उभा राहिला. वकील त्यानं पाहिला, घरात किराणा त्यानं भरला. "भाऊ असावा तर असा," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. वेल्डर सुटला तो खचूनच. त्याला कुणी काम देईना. फार जगला नाही.

मग वारं फिरलं. आधी डॉक्टरच्या चिठ्ठीवर गांजा मिळू लागला, पुढे दुकानांत राजरोस. एकेकाळी तिला बघून मान फिरवणाऱ्या शेजारणी आता गुडघ्याला त्याचं तेल चोळत होत्या. जुन्या कायद्यात भरडलेल्यांच्या घरच्यांना दुकानाचा परवाना आधी द्यायचा, असंही सरकारनं ठरवलं.

भाऊ लगेच आला. "ताई, दाजींच्या नावानं दुकान काढू. तू सही कर, धावपळ माझी."

तिचे डोळे भरून आले. तिनं सही केली, दुकानाचे पडदेही स्वतः शिवले.

उद्घाटनाला एक निवृत्त हवालदार आला होता. त्या सकाळी जिना चढलेल्यांपैकीच. चहा घेत तो तिच्याजवळ बसला.

"बाई, मन मोठं तुमचं. ज्यानं खबर दिली त्यालाच भागीदार केलंत."

"कुणी दिली खबर?"

म्हातारा चपापला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," एवढंच म्हणाला, पण त्याची नजर गल्ल्यावर बसलेल्या भावाकडे गेली होती.

तिनं भावाला मागच्या खोलीत नेलं. "तू सांगितलंस पोलिसांना?"

"आज कशाला ते, ताई?" मग मान खाली घालून म्हणाला, "तेव्हा सगळेच म्हणायचे, या नादानं घरं बुडतात. वाटलं, दम देऊन सोडतील. तुझ्याच भल्यासाठी केलं गं."

"आणि एवढी वर्षं गप्प बसलास?"

"तू मला तोडलं असतंस. आता सोड ना, कायदाच बदललाय."

"कायदा बदलला. तू केलंस ते कसं बदलेल?"

बाहेर गिऱ्हाईक आलं तसा तो तिकडे गेला.

तुरुंगातून आल्यावर नवरा एकदाच म्हणाला होता, "तुझ्या भावाशिवाय कुणाला ठाऊक होतं?" त्यावर ती त्याच्यावर कडाडली होती, अबोला धरला होता. भावानं केसानं गळा कापला होता, आणि त्या भावासाठी ती नवऱ्याशी भांडली होती. रात्रंदिवस हेच तिला डाचत राहिलं.

तिनं परवान्यातून आपलं नाव काढून घेतलं. नातेवाईक म्हणाले, झालं गेलं विसरावं, रक्ताचं नातं आहे. दुकान काही दिवस बंद राहिलं. मग जुन्या कायद्यात तुरुंग भोगलेल्या दुसऱ्या कुणाची तरी विधवा भावाला भेटली, परवाना तिच्या नावानं निघाला. आता दुकान जोरात चालतं. पडदे तिनं शिवलेलेच आहेत. ते परत मागायला ती गेली नाही.