नानांचं वजन आणि संयुक्त महाराष्ट्र

वजन कसं उतरवावं हे आमच्या शेजारचे नाना जितकं सुरेख सांगत, तितकं सबंध गिरगावात कुणी सांगत नसेल. "पोटात दोन घासांची जागा ठेवायची रे, नेहमी," असं ते मला बजावत. मग बायकोला, माईंना, हाक मारत आणि त्या जागेत बेसनाचा लाडू ठेवत.

नाना एका कचेरीत हेडक्लार्क होते. माझ्या अंगावर तेव्हा औषधालाही मांस नव्हतं, तरी मध-लिंबापासून सूर्यनमस्कारांपर्यंत सगळे उपाय त्यांनी मलाच सांगितले. गरज कोणाला आहे, हा प्रश्न उपदेश करणाऱ्याला पडत नाही.

एके दिवशी जिना चढताना ते मध्येच छातीला हात लावून बसले. घामाने सदरा भिजला होता. डॉक्टरांनी माईंना स्वच्छ सांगितलं, "गोड बंद करा. हे वजन त्यांच्या हृदयाला पेलणार नाही." माई रडल्या. नानांनी तिथल्या तिथे निश्चय केला. तो सोमवारी सुरू झाला आणि मंगळवारी कुणाच्या तरी बारशात संपला. त्यानंतरचे निश्चयही असेच गेले.

त्या दिवसांत आमच्या चाळीला संयुक्त महाराष्ट्राखेरीज दुसरा विषय नव्हता. एका संध्याकाळी चौकात सभा झाली. नाना नुसते आभार मानायला उठले होते, पण टाळ्या ऐकून त्यांना चेव आला आणि ते गरजले, "संपूर्ण संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय मी गोडाला शिवणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण काय बोलून बसलो हे त्यांना खाली बसल्यावर कळलं. तो चेहरा मला अजून आठवतो.

डॉक्टरांना फसवता येतं, चाळीला नाही. सत्यनारायणाला शिऱ्याचा द्रोण बघून नानांनी हात पुढे केला. "प्रसादाला नाही म्हणू नये," ते म्हणाले. तळमजल्यावरच्या तावडेबाई प्रसाद वाटत होत्या. त्यांनी द्रोण मागे घेतला. "देव काय रागावूचो नाय, नानानु. तो पण संयुक्त महाराष्ट्राचोच आसा."

मग नाना मोर्चांना जाऊ लागले. कोपऱ्यावरच्या भाजीला टांगा शोधणारा हा माणूस घोषणा देत लालबाग-परळपर्यंत चालू लागला. कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर ते उभे राहत, तेव्हा बघायला गर्दी जमे. काटा खरोखरच उतरत होता. "स्वतःसाठी कोण उपाशी राहतो रे?" ते मला म्हणत. "कारण मोठं हवं, आणि बघणारे शेजारी हवेत." त्यांच्या सगळ्या उपदेशांतला एवढा एकच मला पुढे उपयोगी पडला.

अखेर राज्य झालं. त्या सकाळी दारोदारी तोरणं लागली आणि नानांची प्रतिज्ञा सोडवायला सगळी चाळ त्यांच्या खोलीशी जमली. तावडेबाईंनीच पेढा पुढे केला. सगळे हसत होते, फक्त माईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नानांनी एकदा सुरुवात केली की ते थांबायचे नाहीत, हे त्या जाणून होत्या.

पेढा ओठांपाशी गेला. तेवढ्यात, राजकारणावर आयुष्यात अवाक्षर न काढलेल्या माई म्हणाल्या, "अहो, बेळगाव कुठं आलंय अजून?"

नानांचा हात थांबला.

"तुम्ही संपूर्ण म्हणाला होतात," माईंनी आठवण करून दिली.

नानांनी पेढ्याकडे पाहिलं, मग माईंकडे बराच वेळ पाहिलं. "कारवारही राहिलंय," ते हळूच म्हणाले आणि पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. चाळीने त्यांचा जयजयकार केला. मला मात्र तो पेढा गिळवेना.

नाना चांगले म्हातारे होऊन गेले. ते होते तोवर सीमाप्रश्नाची बातमी आली की माई ती माझ्याकडून वाचून घेत. बोलणी फिसकटली असं मी सांगितलं, की त्या गुपचूप देवापुढे साखर ठेवत.