येरझाऱ्या घालणाऱ्या बाई

चोपडे गावातल्या आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मोबाइलवरचं बालआरोग्याचं ऑनलाइन प्रशिक्षणही त्या माझ्या दुकानासमोर येरझाऱ्या घालतच ऐकायच्या, कारण रेंज तिथेच मिळे. पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंवर कोकणीत खेकसायच्या, "हें माका खबर आसा गो, फुडें चल!"

त्या दिवशी मात्र धडा मध्येच थांबवून आत आल्या. "भाऊ, ताट नि कुलेर दियात." मी ताट आणि चमचा दिला.

पायरीशी माझी दोन वर्षांची नात करवंट्या मांडत होती. अजून बोलत नव्हती. "बापायसारकी उशिरा उलयतली, भियेवं नाकात," असं बाईंनीच दोनतीनदा सांगितलं होतं. आम्ही निर्धास्त होतो.

बाई तिच्या मागे गेल्या आणि ताटावर चमचा जोरात वाजवला. रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं. त्यांनी पुन्हा वाजवला. नात करवंटीत माती भरत राहिली.

"म्हजी चूक जाली, भाऊ. फाल्यां कान तपासपाक वचूंया. हांव येतां वांगडा."

उद्या बाईंसोबत जायचं म्हणून मी 'दुकान बंद' अशी पाटी लिहायला घेतली. बाई नातीशेजारी मातीत बसल्या, आणि बराच वेळ उठल्या नाहीत.