गेली म्हणजे कुठं?

माझी सासू, मासू तिचं नाव, माझ्या मुलीला ताई म्हणायची. पन्नाशी उलटलेली बाई, आणि झोळीतल्या पोरीला म्हणायची, "रडू नकोस गं ताई, आले हं." पोरीला दात आल्यावर वालरसच्या मांसाचा मऊ तुकडा आधी तिच्यासाठी बाजूला निघू लागला. बाहेरच्याला हसू येईल, आमच्या बेटावर कुणी हसत नाही. माणूस गेलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं, आणि मग ते बाळ म्हणजे ते माणूसच. मासूच्या थोरल्या बहिणीचं नाव नौया. ते माझ्या मुलीला दिलं, म्हणून ती सासूची ताई झाली. जिवंत माणसाचं नाव मात्र द्यायचं नाही. ते त्याला जिवंतपणी मूठमाती देण्यासारखं.

थोरल्या नौयाला समोरच्या मोठ्या बेटावर दिली होती. ते बेट आमच्या दारातून दिसतं. हिवाळ्यात समुद्र गोठला की चालत जायचं, एरवी कातडी होडीनं. मासू सांगायची, "सकाळी नवऱ्याशी भांडून माहेरी यायची. संध्याकाळी तो न्यायला हजर. तेवढंच तर अंतर!"

मग दोन सरकारांचं बिनसलं. मधल्या पाण्यात एक रेघ आली, जी आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नाही. ते बेट रशियाचं, हे अमेरिकेचं. तिकडची सगळी माणसं उचलून रशियाच्या किनाऱ्यावर नेली आणि बेटावर शिपाई बसवले. समोरच्या घरांचा धूर बंद झाला त्या दिवशी मासूनं म्हणे नवऱ्याला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण सरकार कुठं हाताशी होतं!

दर वसंतात पुरुष वालरसच्या शिकारीला निघाले की ती आपल्या दिराला, तुलुकला, गाठायची.

"तिकडची होडी दिसली तर ताईचं विचारून ये."

"वहिनी, त्यांच्याशी बोललो तर तुरुंगात टाकतील."

"टाकू देत. तुझ्या बायकोच्या हातचं खाणं तरी सुटेल!"

अशी कितीतरी वर्षं गेली. एका वसंतात दाट धुक्यात तिकडची एक होडी खरंच जवळ आली. तुलुकनं तोंडाशी हात धरून हाळी दिली, "नौया कशी आहे?" उत्तर आलं, "ती गेली!" तेवढ्यात गस्तीच्या बोटीचा आवाज आला आणि दोन्ही होड्या दोन दिशांना पांगल्या.

तुलुकनं तेवढाच शब्द घरी आणला. मासू भिंतीला टेकून खाली बसली आणि आम्हाला कळायच्या आत मोठमोठ्यानं रडू लागली. त्याच उन्हाळ्यात माझी मुलगी जन्मली. मासूला सगळे मुलगेच, नातवंडांतही ही पहिली मुलगी. नाव कुणाचं द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. शाळेसाठी बर्निस असं एक नाव लावलं, पण घरात ती नौयाच.

ती सहा वर्षांची असताना एक संशोधक आला. असे दर उन्हाळ्यात येतात. हा स्वभावानं बरा होता. शाळेत नकाशा लावून त्यानं सांगितलं, फार पूर्वी समुद्र खाली गेला होता, मधे जमीन उघडी पडली होती. तिकडून माणसं चालत इकडे आली, या अख्ख्या खंडातली पहिली माणसं. कुणी म्हणतं होड्यांनी काठाकाठानं आली, त्यावर संशोधकांतच भांडणं आहेत. मी सासूला आमच्या भाषेत सांगत होते.

"त्याला विचार, कुणी अडवलं नाही त्यांना?"

तो हसला. "कोण अडवणार?"

"आणि परत जावंसं वाटलं तर?"

"जात असतील. ये-जा चालूच असणार."

मला संताप आला. ती जमीन समुद्रानं गिळली, तरी आमची ये-जा सुटली नव्हती. समुद्राला जे जमलं नाही ते पेन्सिलवाल्यांनी केलं. आमचं तिकडच्यांशी नातं तपासायला संशोधकानं सगळ्यांची थुंकी मागितली. मासू नळीत थुंकली आणि म्हणाली, "घे. यात माझी ताईपण आहे."

त्याच वर्षी रेघ ओलांडायची बंदी उठली. तिकडचे पाहुणे विमानानं आमच्या किनाऱ्यावरच्या नोम गावी येणार म्हणून रेडिओवर नावं वाचली, त्यात नौयाचं नाव, तिच्या नवऱ्याचं आणि जुन्या बेटाचंही. मासूच्या हातातलं शिवण तसंच राहिलं. "दुसरी कुणी असेल," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पोरीला नेऊ नकोस." पण माझा नवरा कामाला नोमलाच, पोरीला इथं ठेवणार कुणापाशी?

नोमच्या शाळेच्या दालनात डोक्याला रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी उतावीळपणे पुढे आली. दोघींनी गालाला नाक लावून एकमेकींचा वास घेतला, रडल्या, हसल्या. मग सीलच्या तेलात वाळका मासा बुडवून एकाच ताटात खायला बसल्या. मासू इतकी सुखात मी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात माझी मुलगी धावत आली. "आजी, पाणी!"

"थांब हं ताई," मासू सवयीनं बोलून गेली.

नौयानं हातातला मासा खाली ठेवला. "हिचं नाव काय?"

पोरगीच छाती पुढे काढून म्हणाली, "नौया!"

"मी कधी मेले गं, मासू?"

"त्यांनी सांगितलं... ती गेली म्हणून..."

"गेलेच होते! दुसऱ्या गावी, मुलाकडे. गेली म्हणजे कुठं, एवढं तरी विचारायचंस!" तिनं ताट पुढे सारलं. "मला नातीवर नाती झाल्या. दर वेळी लोक म्हणाले, मासूचं नाव दे, ती कुठली आता जिवंत असायला. मी सुनांशी भांडले, पण तुझं नाव कुणाला देऊ दिलं नाही."

पुढचे दिवस ती सगळ्यांत मिसळली, नाचलीसुद्धा. मासूशेजारी बसली नाही. विमानाकडे जाताना मात्र माझ्या मुलीपाशी थांबली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सांभाळ हो मला."

पुढच्या उन्हाळ्यात संशोधक खुशीत आला. थुंकीवरून सिद्ध झालं होतं, आम्ही आणि तिकडचे एकाच रक्ताचे. मासूनं ऐकून घेतलं.

"ती पहिली माणसं निघाली, तेव्हा मागे राहिलेल्यांना काय सांगून निघाली? कळतं का यातून?"

"नाही, ते नाही कळत," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि उठली. "बर्निस, चल गं घरी." नोमहून आल्यापासून ती पोरीला याच नावानं हाक मारायची. माझी मुलगी जागची हलली नाही. आजीनं ताई म्हणावं म्हणून ती तशीच बसून राहिली.