पन्नास टक्के भरीत

माझ्या अक्काचं लग्न माझ्या गणितामुळे जमलं. हे मी सांगतो. अक्का अजून कबूल करत नाही.

तेव्हा मी धुळ्याला इंग्रजी शाळेत होतो. मास्तरांनी नुकतीच शेकडेवारी शिकवली होती, आणि सुट्टीत नरडाण्याजवळच्या आमच्या गावी आल्यापासून मी दिसेल त्याचे टक्के काढत सुटलो होतो. (म्हशीने दूध कमी दिलं की तिलाही ऐकवायचो.) वडिलांना, म्हणजे आबांना, माझं भारी कौतुक! अक्काला बघायला बोदवडहून दहा पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनी जेवणाचा हिशोब थेट माझ्याकडे सोपवला. बेत भरताचा, माणशी दोन वांगी, एकूण वीस. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आईने उपास धरलेला.

सकाळीच मध्यस्थ नाना धावत आले. "आबा, पोऱ्याना मामा बी येई राह्यना. आखो पाच माणसं वाढनात!"

"दहाचे पंधरा म्हणजे पन्नास टक्के वाढ!" मी ओरडलो. (टक्के मी शुद्ध भाषेतच काढायचो.) "विसाची तीस वांगी करा!"

बरोबर आलं! आईने लगेच पंधरा माणसांच्या मिरच्या कुटून ठेवल्या.

दुपारी नाना पुन्हा धापा टाकत हजर. "मामा रुसना! घरनी माणसं लिसन जळगावलेच उतरी गया. आते दहाच शेतस!"

"सोपं आहे," मी म्हणालो. "पन्नास टक्के वाढवले होते, पन्नास टक्के कमी करा. तिसाचे निम्मे, पंधरा!"

"सकायले दहास्ले वीस व्हतात ना रे?" आई चाचरत म्हणाली.

"तू उगी ऱ्हाय!" आबा कडाडले. "पोऱ्या धुयाले शिकस!"

पंधरा वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजली. उरलेली पंधरा मी म्हशीला घालून टाकली. (तिचं दूध शंभर टक्के वाढेल असा माझा अंदाज होता.) मिरच्या मात्र कुटून झाल्या होत्या, आणि कुटलेल्या मिरचीतून टक्के परत काढायची रीत मास्तरांनी अजून शिकवली नव्हती. फेकायच्या कशाला म्हणून आईने त्या सगळ्याच घातल्या. वांगी साडेसात माणसांची, मिरची पंधरांची!

पंगत बसली. पातेलं बघून आईचा चेहरा उतरला. पाहुणे अर्धपोटी उठले तर स्थळ गेलंच. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला, डोक्यावरचा फेटा काढला आणि त्यानेच वारा घ्यायला सुरुवात केली.

"भरीत वाढू?" आबांनी विचारलं.

"नको! नको! पोट भरनं!"

दहाही जणांचं पोट एकदमच भरलं. भरीत पुरलं. पुरून उरलं!

मुलाचा तर आवाजच गेला होता. डोळ्यांतून धारा. आबा त्याच्यापुढे वाकून म्हणाले, "काय पाव्हना, पोर पसंत शे ना?" त्याने पाण्याच्या तांब्याकडे बोट करून जोरजोरात मान हलवली. तांब्या घेऊन अक्काच उभी होती! आबांनी जागच्या जागी सुपारी फोडली.

पुढे संसार झकास झाला. दाजी मला कधी टाकून बोलले नाहीत. मी जळगावला गणिताचा मास्तर झालो, तेव्हा दोघं मुद्दाम भेटायला आले. मला नारळ दिला, शाळा फिरून बघितली, वर्ग हवेशीर आहे म्हणाले, आणि आपल्या दोन्ही पोरांची नावं जळगावातल्याच दुसऱ्या शाळेत घातली.